सहा आकड्यांची सरासरी

माझी डावी किडनी माझ्या नवऱ्याच्या पोटात सव्वादोन वर्षं चालली. पुण्यातले सर्जन म्हणाले होते, नीट सांभाळली तर दहा-पंधरा वर्षांची काळजी मिटली. ती मध्येच का थांबली, याचं थोडं उत्तर त्याच्याकडे आहे, थोडं माझ्या मुलीकडे आणि उरलेलं माझ्याकडे. बोलताना मी नवऱ्याला अहो म्हणते, तुम्ही म्हणते. लिहिताना मात्र 'तो' असंच उमटतं, आणि ते बदलावं असं मला आता वाटत नाही.

आधी माझ्या कामाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी दुबईत एका छोट्या कंपनीत संख्याशास्त्रज्ञ आहे. एखादी गोळी बाजारात यायच्या आधी ती काही निरोगी माणसांना देतात आणि ठरावीक तासांनी त्यांचं रक्त घेतात. रक्तात औषध किती चढलं, सगळ्यांत जास्त कधी होतं, किती वेळात उतरलं, याचे आकडे माझ्याकडे येतात. असे शेकडो आकडे असतात आणि ते सगळे कोणीच वाचत नाही. मंजुरी देणारे वाचत नाहीत, कंपनीचे मालक तर नाहीच नाही. सगळे रिपोर्टातलं एक पानभर टेबल वाचतात. त्या टेबलात शेकडो आकड्यांच्या जागी कोणता एक आकडा ठेवायचा, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो.

हे काम वाटतं तितकं सरळ नाही. चोवीस माणसांत एखादाच असा निघतो की त्याच्या अंगात औषध इतरांच्या चौपट चढतं. साधी सरासरी घेतली तर तो एकटा सगळ्यांची सरासरी वर ओढतो. म्हणून आम्ही बहुतेक वेळा जॉमेट्रिक मीन देतो, म्हणजे सगळे आकडे एकमेकांशी गुणून, जितके आकडे तितकावं मूळ काढतो. औषध किती वाजता सर्वांत जास्त होतं, त्याला मधला आकडा बरा. आणि काहीही दिलं तरी शेजारी आकडे किती विखुरलेत त्याची टक्केवारी द्यायचीच द्यायची. तिला आम्ही सीव्ही म्हणतो. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगते की सीव्हीशिवाय मीन माझ्या टेबलावर आणायचा नाही. अठरा वर्षं सांगत आले आहे.

नवऱ्याच्या किडन्या रक्तदाबाने गेल्या. आम्ही दुबईत अल कुसैसला राहतो. तिथून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणं आणि नोकरी करणं त्याला झेपेना. पुण्यात किडनी बदलायचं ठरलं, दिरांचा रक्तगट जुळत होता. ते मिरजेहून पुण्याला आले, दोन तपासण्या केल्या आणि तिसऱ्या तपासणीच्या सकाळी त्यांचा फोन बंद लागला. सासूबाई मला म्हणाल्या, "त्याला दोन लहान पोरं आहेत गं." माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. ती मोठी झाली होती, म्हणून बहुधा मी चालत होते.

हॉस्पिटलच्या समितीने मला एकटीला आत बोलावून विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" मी नाही म्हणाले. ते खोटं नव्हतं. मला कोणी धमकावलं नव्हतं, कोणी पाया पडलं नव्हतं. फक्त दुसरं कोणी उरलं नव्हतं. दाराबाहेर सासूबाई माझी पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. मी बाहेर आल्यावर त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि विचारलं, "झालं ना सगळं व्यवस्थित?"

ऑपरेशन चांगलं झालं. आम्ही तीन महिन्यांनी दुबईला परत आलो.

दुसऱ्याची किडनी बसवली की शरीर तिला परकी समजतं. ते तिच्यावर उठू नये म्हणून एक औषध जन्मभर घ्यावं लागतं, सकाळी आठला आणि रात्री आठला. रक्तात ते कमी पडलं तर शरीर किडनीला मारतं आणि जास्त झालं तर औषधच तिला मारायला लागतं. म्हणून दर महिन्याला, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त देऊन प्रमाण बघायचं असतं. त्याच्यासाठी डॉक्टरांनी सहा ते नऊ अशी चौकट आखून दिली होती. पहिलं सव्वा वर्ष तो मोबाईलवर आलेला रिपोर्ट मला स्वतःहून दाखवायचा. साडेसात. सात. आठ. मी बघायचे आणि स्वयंपाकाला लागायचे.

मग त्याला शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका ट्रेडिंग कंपनीत स्टोअर मॅनेजरची नोकरी मिळाली. आजारपणात आधीची गेली होती, त्यामुळे ही मिळाल्यावर त्याने पेढे आणले. ऑपरेशनचं त्याने तिथे सांगितलं नाही.

"कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही," तो म्हणाला. "इन्शुरन्स तर तुझ्याच कंपनीकडून आहे. त्यांना कळायचं कारणच काय?"

मला ते पटलं नाही, पण समजलं. किडनी बदललेला माणूस म्हटल्यावर कोण ठेवून घेतं.

त्यानंतर तो रिपोर्ट दाखवेनासा झाला. मी विचारलं की म्हणायचा, "ओके आहे. रेंजमध्ये आहे." रोज सकाळी साडेसहाला निघायचा, शारजाच्या ट्रॅफिकमधून संध्याकाळी सातला यायचा. गोळीचा डबा सोबत न्यायचा. मी मागे लागायचं सोडून दिलं. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला रोज गोळी घेतली का म्हणून विचारणं मला बरं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला होता.

त्याला सहा-सात महिने झाले आणि आमच्या कंपनीने इन्शुरन्स बदलला. जुनं हॉस्पिटल नव्या यादीत नव्हतं. नव्या हॉस्पिटलने एक फॉर्म पाठवला. जुने कागद यायला वेळ लागेल, तोवर हा भरून आणा म्हणाले. त्यात एक रकाना होता: गेल्या सहा महिन्यांतलं औषधाचं सरासरी प्रमाण. त्याखाली प्रश्न होता: पेशंट स्थिर आहे का, हो किंवा नाही.

तो फॉर्म आला त्या आठवड्यात ऑफिसात माझं भांडण चाललं होतं. रक्तदाबाच्या एका गोळीचा रिपोर्ट होता. जी कंपनी ती गोळी बनवत होती तिला मुख्य टेबलात फक्त साधी सरासरी हवी होती. बाकी सगळं मागे, परिशिष्टात टाका म्हणाले. माझे साहेब जॉर्डनचे आहेत, सभ्य माणूस, भांडण त्यांना आवडत नाही.

"आकडे लपवत तर नाहीयोत आपण," ते इंग्रजीत म्हणाले. "मागे आहेतच. ज्याला बघायचं तो बघेल. खलास."

"मागचं कोणी बघत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे," मी म्हणाले. "एकाच्या अंगात औषध चौपट चढलंय. नुसती सरासरी दिली तर ना तो माणूस दिसतो ना बाकीचे तेवीस."

सोमवारपासून गुरुवारपर्यंत ईमेल चालले. शुक्रवारी सकाळी साहेबांनी त्या कंपनीला लिहिलं की आमच्या संख्याशास्त्रज्ञ या टेबलावर सही करणार नाहीत. तासाभरात त्यांचा होकार आला. साहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "तुम्ही जिंकलात." शुक्रवारी आमचं ऑफिस बाराला सुटतं. मी खूश होऊन घरी निघाले. वाटेत बांगडे घेतले.

शारजात शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे नवरा घरीच होता. जेवणाआधी तो सोफ्यावरून म्हणाला, "अगं, तो हॉस्पिटलचा फॉर्म भरून टाक ना. तू दिवसभर हेच करतेस."

मी लॅपटॉप उघडला. "आकडे सांगा."

तो मोबाईलवरून वाचायला लागला. "सात पॉइंट दोन. चार पॉइंट एक. अकरा पॉइंट आठ."

मी थांबले. "अकरा?"

"लॅबवाल्यांचा घोळ असेल. त्या दिवशी फार गर्दी होती."

"आणि चार?"

"तू पुढचं लिही. सहा पॉइंट पाच. तीन पॉइंट दोन. बारा पॉइंट चार. झाले सहा."

सहा आकडे स्क्रीनवर एकाखाली एक उभे होते. हात सवयीने चालला. साधी सरासरी आली साडेसात. जॉमेट्रिक मीन सहा पॉइंट सात. मधला आकडा जवळजवळ तेवढाच. तिन्ही चौकटीत. सहापैकी खुद्द चौकटीत मात्र दोनच आकडे होते. दोन खाली होते आणि दोन बरेच वर. पुढच्या खणात सीव्ही आला, एक्कावन्न टक्के.

एकाच माणसाच्या, एकाच डोसच्या आकड्यांत एवढा फरक ऑफिसात दिसला असता तर मी त्याच मिनिटाला ईमेल टाकला असता: डोस कधी घेतला त्याच्या वेळा पाठवा. असे शेकडो ईमेल मी पाठवले आहेत. अशा आकड्यांचा अर्थ लावायला संख्याशास्त्रही लागत नाही. माणूस गोळ्या चुकवतोय, आणि तपासणीच्या आधी जास्त घेऊन भरपाई करतोय.

"फॉर्मवर काय मागितलंय?" त्याने विचारलं.

"सरासरी."

"मग सरासरी दे."

"नुसत्या सरासरीवरून काही कळत नाही."

"हा काय तुझ्या ऑफिसचा रिपोर्ट आहे का? एक आकडा मागितलाय, एक आकडा दे."

"तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना?"

"घेतो," तो म्हणाला, आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

मी रकान्यात साडेसात लिहिलं. खाली 'हो'वर खूण केली. सीव्हीचा खण पुसला, मग सगळंच बंद केलं. एक्सेलने विचारलं, सेव्ह करायचं का. मी नको म्हटलं. मग उठून बांगड्यांना मीठ-मसाला लावला.

मी असं का केलं, हा प्रश्न मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारला आणि दर वेळी वेगळं उत्तर आलं. एक कारण अगदी क्षुल्लक आहे. चार दिवस भांडून आले होते, भूक लागली होती, आणखी एक भांडण नको होतं. दुसरं असं की मी खोलात विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं, आणि ते खरं घेऊन मी काय करणार होते? रोज हमरियाला जाऊन उभी राहणार होते का? तिसरं कारण मी कुणालाही सांगितलं नाही. मला राग आला होता. किडनी मी दिली. आता गोळ्याही मीच मोजायच्या का? त्या दुपारी सहा आकडे बघताना काळजीच्या आधी हा राग आला, आणि त्या रागात मी 'हो'वर खूण केली.

नवे डॉक्टर लखनौचे होते. फॉर्म बघून खूश झाले. "बहुत बढ़िया. साढ़े सात, स्टेबल. मॅडम खुद देखती हैं?"

"ही याच कामात आहे," नवरा अभिमानाने म्हणाला.

"फिर तो मुझे चिंता ही नहीं. हर महीने आने की ज़रूरत नहीं. तीन महीने बाद आइए."

मी तिथेच बसले होते. डॉक्टरांच्या टेबलावर निळ्या झाकणाची पाण्याची बाटली होती, तिच्याकडे बघत राहिले. नवऱ्याने लिफ्टमध्ये माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तेव्हाही थरथरत होता.

त्या थरथरीबद्दल सांगायला हवं. त्या औषधाने हात कापतात, काहींचे जास्त. घरी आम्हाला सवय झाली होती. चहाचा कप मी अर्धाच भरायचे. त्याच्या नव्या नोकरीत मात्र दिवसभर सह्या करायच्या होत्या, कंटेनर आला की दहा लोकांसमोर कागद धरायचे होते. तिथे काय झालं ते मला खूप उशिरा कळलं.

अडीच महिन्यांनी एका सकाळी त्याचा बूट पायात जाईना. दोन्ही पाय सुजले होते. तो म्हणाला, उन्हाने. मी त्याला गाडीत घातलं आणि इमर्जन्सीला नेलं. रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टर स्वतः खाली आले. किडनीचं काम निम्म्यावर आलं होतं. त्याला दाखल करून घेतलं, दुसऱ्या दिवशी सुईने किडनीचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

मुलगी शाळेतून थेट हॉस्पिटलला आली. ती तेव्हा अकरावीत होती. दुबईतच वाढलेली, मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते. आम्ही कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. मी म्हणाले, "डॉक्टर विचारत होते, गोळ्या चुकल्या का. बाबा नाही म्हणतात."

ती म्हणाली, "ही डझन्ट टेक द मॉर्निंग वन, आई. ही पुट्स इट इन हिज शर्ट पॉकेट. कारमध्ये ग्लव्ह बॉक्समध्ये आहेत सगळ्या."

"तू कधी पाहिलंस?"

"लास्ट इयर. मेनी टाइम्स. ही ड्रॉप्स मी टू स्कूल, ना."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"आय थॉट यू न्यू," ती म्हणाली. तिच्या आवाजात आरोप नव्हता, आश्चर्य होतं. "यू डू हिज लेव्हल्स. मला वाटलं तुम्ही दोघांनी ठरवलंय."

मी पार्किंगमध्ये गेले. ग्लव्ह बॉक्स उघडला. गाडीच्या कागदांखाली एका प्लास्टिकच्या पिशवीत कॅप्सूल होत्या. उन्हात काही एकमेकींना चिकटल्या होत्या. मी मोजल्या नाहीत. पिशवी घेऊन वर आले आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. एका कागदावर ते सहा आकडे क्रमाने लिहिले आणि पिशवी शेजारी ठेवली. आकडे मला पाठ होते. अडीच महिने पाठच होते.

डॉक्टरांनी कागद बराच वेळ बघितला. ते मोठ्याने बोलले नाहीत. "मॅडम, आपने मुझे ये छह नंबर क्यों नहीं दिए?"

"फॉर्ममें एकही जगह थी," मी माझ्या मराठी हिंदीत म्हणाले.

"कागज़ के पीछे भी लिख सकती थीं आप. मैं हर हफ्ते बुलाता इनको." मग त्यांनी चष्मा काढला. "आप तो इसी काम में हैं."

मी पिशवी उचलून पर्समध्ये टाकली.

तपासणीचा निकाल आला. शरीराने किडनीवर बरेच महिने हल्ला चालवला होता. काही नुकसान नवं होतं, ते औषधांनी थांबण्यासारखं होतं. पण जुनं जास्त होतं. नेमका किती भाग आधीचा आणि किती त्या अडीच महिन्यांतला, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं वेगळं काढून सांगता येत नाही. मला त्यांचं बरोबर आहे हे माहीत होतं, तरी मी दोनदा विचारलं.

त्या संध्याकाळी वॉर्डात मी नवऱ्यासमोर पिशवी ठेवली.

त्याने ती ओळखली. मग सांगायला लागला. नोकरीला लागून महिना झाला होता. एक कंटेनर आला, सह्या करताना पेन कागदावर नाचत होतं. माल उतरवणाऱ्यांत मुहैस्नाहच्या कामगार वस्तीत राहणारा एक चिपळूणचा माणूस होता. तो मराठीतच दुसऱ्याला म्हणाला, "सायब सकाळीच लावून येतात वाटतं." त्याला वाटलं असावं हा ऐकत नाहीये. शारजात दारूवर बंदी. आठवड्याभरात ते मालकापर्यंत गेलं. मालकाने केबिनमध्ये बोलावून जवळ येऊन तोंडाचा वास घेतला.

"वास घेतला," नवरा म्हणाला. "माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरगा. माझ्या तोंडाजवळ नाक आणून."

"मग सांगायचं ना ऑपरेशनचं."

"सांगून काय? दुसऱ्या दिवशी घरी. मग पुन्हा तुझ्या पगारावर."

म्हणून माल येणार असेल त्याच्या आदल्या रात्रीची आणि त्या सकाळची गोळी तो टाळायचा. हात थोडे शांत राहायचे. तपासणी जवळ आली की दोन दिवस दुप्पट घ्यायचा. कधी तपासणीची तारीख विसरायचा आणि आकडा तीन यायचा.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

तो माझ्याकडे वळला. "तुला सांगायला हवं होतं? सहा आकडे मी तुझ्यासमोर वाचले. एकही खोटा सांगितला नाही. सगळे खरे वाचले. तू थांबलीस, अकरा का म्हणून विचारलंस. मला वाटलं, आता ही पकडणार. पकडलं असतंस तर सुटलो असतो मी."

"म्हणजे आता माझी चूक?"

"तुला कळलं होतं का नव्हतं?"

नर्स रक्तदाब बघायला आली. ती गेल्यावर मी पिशवी उचलून औषधं टाकायच्या पिवळ्या डब्यात टाकली. माझ्या पोटाच्या डाव्या बाजूला ऑपरेशनचा व्रण आहे. तो दुखत नाही, पण त्या संध्याकाळी मी सारखा त्यावर हात ठेवत होते, असं मुलगी नंतर म्हणाली.

औषधं, सलाइन, पुन्हा औषधं. किडनी आणखी तीन आठवडे रेंगाळली आणि बंद पडली. तो परत डायलिसिसवर आला. आता कंपनीला सांगणं भाग होतं. मालकाने शांतपणे ऐकून घेतलं म्हणे, आणि आधी सांगितलं असतंस तर ऑफिसातलं बसून करायचं काम दिलं असतं, असं म्हणाला. खरंच दिलं असतं का, कोण जाणे. नवऱ्याने मला हे घरी येऊन सांगितलं तेव्हा तो हसत होता, आणि ते हसणं मला बघवेना.

मी साहेबांना एकदा सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं आणि ते आमच्या घराला ओळखत नव्हते. त्यांनी पूर्ण ऐकलं. म्हणाले, "पण फॉर्मने सरासरीच मागितली होती. तुम्ही बरोबर आकडा दिलात. तुमची काही चूक नाही." त्यांनी मनापासून म्हटलं. मला वाटलं होतं, ते तरी मला बोल लावतील. त्यांच्यासमोर अठरा वर्षांतला तो एकच असा आठवडा होता, ज्यात मी एका टेबलासाठी नोकरी पणाला लावली होती. त्यांना त्या टेबलात आणि या फॉर्मात काही संबंध दिसला नाही. मीही दाखवला नाही. त्या रक्तदाबाच्या गोळीला पुढे मंजुरी मिळाली. आमचं टेबल फार स्वच्छ आहे, असं मंजुरी देणाऱ्यांकडून लिहून आलं.

नवरा मिरजेला गेला. इथला खर्च आणि माझी नोकरी आणि मुलीची बारावी, असं कारण आम्ही सगळ्यांना सांगतो. तो दिरांकडे राहतो. दीर आठवड्यातून तीनदा त्याला स्कूटरवर डायलिसिसला नेतात, चार तास बाहेर बाकावर बसतात, परत आणतात. गल्लीतले सगळे म्हणतात, भाऊ असावा तर असा. सासूबाई मला फोनवर हे सांगतात. तिसऱ्या तपासणीच्या दिवशी बंद असलेला फोन आता कुणालाच आठवत नाही. मी एकदा आठवण करून देणार होते. मग म्हटलं, स्कूटर तरी ते चालवतायत. मी काय करतेय?

गेल्या महिन्यात माझी वर्षाची तपासणी झाली. एक किडनी उरलेल्या माणसाला ती दरवर्षी करावी लागते. मी एकटीच गेले, रक्त दिलं, कारमध्ये बसून सँडविच खाल्लं आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. डायलिसिसच्या दिवशी त्याचा आवाज खोल जातो.

"तुझी तपासणी होती ना आज?"

"हो. झाली."

"काय म्हणाले?"

"नॉर्मल आहे."

"आकडा किती आला?"

रिपोर्ट समोर मोबाईलवर उघडा होता. त्याला विचारायचा हक्क होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हणाले, "नॉर्मल आहे म्हटलं ना." तो बरं म्हणाला. मग मुलीच्या प्रिलिमबद्दल विचारलं, ते मी सगळं सांगितलं, प्रत्येक विषयाचे मार्क्स वेगवेगळे, आणि फोन ठेवला.